आवक क्रमांक टाकून दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

तुम्ही 30 तारखेला निवृत्त होताय, असं शिपाईमामांकडून कळलं. निरोप समारंभाला यायला रजा मिळत नाही. मिळाली असती तरी तिथे बोलणार सगळे साहेब लोक, शाल-श्रीफळ आणि 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ'. त्यात माझा नंबर लागला नसता. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

जुलै 2022 मध्ये एजन्सीमार्फत डाटा एन्ट्री ऑपरेटर म्हणून मी तुमच्या सरकारी कार्यालयात, तुमच्या शेजारच्या टेबलावर आलो. करार अकरा महिन्यांचा. खुर्चीचा एक हात निखळलेला, की-बोर्डवरचा 'क' दोनदा दाबावा लागायचा, आणि हाक 'ए ऑपरेटर'. आठवडा कागदावर पाच दिवसांचाच. पण शनिवारी सकाळी कामावर बोलवायला ज्याचा फोन वाजायचा, तो एजन्सीमार्फत लागलेलाच असायचा. पगार कधी दहाला, कधी बावीसला. महिन्याच्या मधल्या दिवसांत एसटीचे सुटे मोजून निघायचो.

तुम्ही मला रेकॉर्ड लावायला शिकवलंत. 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवायचा, 'ड' वर्गाचा वर्षभर, मग नष्ट करायचा. मी विचारलं, "मग मॅडम, आम्ही अकरा महिनेवाले कशात?" तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की आतून साहेबांची बेल वाजली.

मार्च 2023 चा सरकारी कर्मचाऱ्यांचा संप आठवतो. 14 तारखेला कार्यालय ओस पडलं. बाहेर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' आणि आत आम्ही चार कंत्राटी, ज्यांना जुनीही नाही आणि नवीही नाही. मला थोडा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. जुनी पेन्शन बंद झाली ती नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना; तुम्ही तर त्याच्या कितीतरी आधी लागलेल्या, तुमची पेन्शन जुनीच होती. तरी उन्हात बसलात, नंतर लागलेल्या पोरांसाठी. दुपारी फाटकाशी बोलावून मला एकच गोष्ट सांगितलीत: "टपाल घे, शिक्का मार, पण कुणी कितीही सांगितलं तरी 'करिता' म्हणून, साहेबांच्या वतीने, सही करू नकोस. उद्या चौकशी लागली तर एजन्सी तुला ओळखणार नाही." त्याच दिवशी चार वाजता एकजण सहीसाठी दाखला घेऊन आला. वरून फोनही आला. मी सही केली नाही. तो दाखला पुढे वादात सापडला, हे तुम्हाला माहीतच आहे.

पण खरे आभार पीएफचे. जेवताना सहज विचारलंत, "उमंग ॲपवर पीएफचं पासबुक बघतोस का रे?" मी कधी बघितलंच नव्हतं. पगारातून दरमहा 1,440 रुपये कापले जात होते, आणि पासबुकात सलग चार महिने कोरे. मी एजन्सीच्या सुपरवायझरला फोन करायला निघालो. तुम्ही फोन खाली ठेवायला लावलात. "फोनला आवक क्रमांक नसतो. अर्ज लिही." आवक क्रमांक म्हणजे कार्यालयात आलेल्या कागदाचा नोंद क्रमांक.

अर्ज मी लिहिला, तुम्ही तीनदा फाडलात. पहिल्यात मी रडलो होतो, दुसऱ्यात भांडलो होतो, तिसऱ्यात महिने चुकले होते. चौथा सहा ओळींचा: कोणते महिने, किती कपात, सोबत पगारपत्रक आणि पासबुकाची प्रत. त्यावर तुम्ही शिक्का मारलात, क्रमांक टाकलात, आणि पोच माझ्या हातात दिलीत. संप 20 ला मिटला होता, टेबलावर टपालाचा ढीग होता. तरी तो कागद त्याच दिवशी लेखा शाखेत गेला. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी शेवटी मूळ मालकावर, म्हणजे कार्यालयावर येते, हे तुम्ही लेखापालांना आवाज न चढवता सांगितलंत. एजन्सीचं बिल तिथेच अडलं: आधी भरणा केल्याचं चलन लावा, मग बिल. 31 मार्च तोंडावर, निधी परत जायची भीती. चार महिन्यांची रक्कम आठवड्यात जमा झाली. माझीच नव्हे, चौघांचीही.

एजन्सीने करार वाढवला नाही, ते अपेक्षितच होतं. तुम्ही मात्र मे महिन्यातच अनुभवाच्या दाखल्याची टिपणी फिरवून ठेवली होती. "गेल्यावर कोण सही करतंय?" तोच दाखला दाखवून मी आता पुण्यात एका ठिकाणी आहे. इथेही करारच आहे, पण खुर्चीला दोन्ही हात आहेत.

या पत्राची छापील प्रत स्पीड पोस्टाने कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवली आहे. 30 च्या आत पोहोचेल. तुमच्या हातचा शिक्का मारून आवक क्रमांक तेवढा कळवा.

आपला,
वर्ग 'ड'