बोर्दिनचे शेवटचे दोन किलोमीटर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. प्लास्टर निघालं हे वाचून फार बरं वाटलं. पण “आता माझं पळणं संपलं” हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि जीव गलबलला. म्हणून तुला मॅरेथॉनपटू जेलिंदो बोर्दिनबद्दल लिहितोय.

हा इटलीतल्या विचेंझाजवळच्या लोंगारे गावचा. तरुणपणी सराव करताना त्यालाही गाडीने उडवलं होतं, तुझ्यासारखंच. जवळजवळ वर्षभर पळणं बंद. पुढे 1984 साली मिलानला पहिलीच मॅरेथॉन धावला आणि जिंकला. 1986 मध्ये स्टुटगार्टला युरोपचा विजेता झाला.

1987 ची जागतिक स्पर्धा रोमला होती, म्हणजे घरच्याच रस्त्यांवर. तिथे केनियाचा डग्लस वाकिहुरी पहिला आला, जिबूतीचा अहमद सालाह दुसरा आणि बोर्दिन तिसरा. वर्षभराने, 2 ऑक्टोबर 1988 ला, सोल ऑलिंपिकमध्ये पुन्हा हेच तिघे पुढे! सदतीस किलोमीटर झाल्यावर सालाह निसटला, वाकिहुरी त्याच्या मागे, आणि बोर्दिन परत तिसरा. कुणालाही वाटलं असतं, ठरलेलंच आहे याचं. पण त्याने आधी वाकिहुरीला गाठलं आणि जेमतेम दोन किलोमीटर उरले असताना सालाहलाही मागे टाकलं. वेळ 2 तास 10 मिनिटं 32 सेकंद. वाकिहुरी 15 सेकंदांनी मागे, सालाह 27. रेषा ओलांडल्यावर तो गुडघ्यांवर बसला आणि वाकून त्याने ट्रॅकचं चुंबन घेतलं. ते दृश्य आठवलं की माझा आजही कंठ दाटतो.

इटलीसाठी तर ही ऐंशी वर्षांची ठसठस होती. 1908 ला लंडन ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये पहिला शिरला, पुन्हा पुन्हा कोसळला, पंचांनी हात देऊन उठवलं आणि त्या मदतीपायीच तो बाद ठरला. त्यानंतर ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्ण इटलीला मिळालं ते थेट बोर्दिनकडून.

1990 मध्ये तर त्याने बोस्टन मॅरेथॉन 2:08:19 मध्ये मारली आणि त्याच वर्षी स्प्लिटला युरोपचं पद राखलं. त्याचे प्रशिक्षक लुचिआनो जिल्योत्ती. त्यांचाच दुसरा शिष्य स्तेफानो बाल्दिनी 2004 ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं सुवर्ण घेऊन आला.

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? मग रोज चाल. रविवारी सकाळी सहाला मी येतोय. फाटकापासून वडापर्यंत जाऊ, तुझ्या वेगाने.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पहाटेचा सोबती