सिकलसेलवर लोहाच्या गोळ्या पुरेशा नाहीत

महोदय,

रक्तक्षय म्हटला की लोहाच्या गोळ्या, हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ आहे की विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्णही निदानाविना त्याच गोळ्यांवर राहतात. लोहाच्या कमतरतेत या गोळ्या गुणकारी आहेतच. सिकलसेलमध्ये मात्र हिमोग्लोबिनच्या घडणीतच आनुवंशिक दोष असल्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, पाठ, छाती असह्य दुखू लागते. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात, ते रात्रभर रडते आणि घरचे लचक समजून तेल चोळत बसतात. ही सूज या आजाराची पहिली खूण असू शकते.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानात चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले, ते स्वागतार्हच. पण तपासणीनंतर पुढे काय? वेदनेचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज घ्यावे लागते आणि त्यासाठी अधूनमधून रक्त तपासावे लागते. गोळ्यांसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागले, तर औषध सुटणारच.

शिवाय वाहक, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेली व्यक्ती, ही रुग्ण नव्हे, हे कोणी नीट सांगत नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते; केवळ वाहक म्हणून मुलीचे लग्न मोडणे हा निव्वळ अन्याय आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया आणि गोंडी, भिली बोलणारा समुपदेशक शासनाने तातडीने द्यावा.

– एक वाचक, गडचिरोली