झांस्करच्या दरीत येण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

आई, लडाखमधल्या आपल्या राफ्टिंगच्या (रबरी होडीतून नदी उतरण्याच्या) सहलीत तुला लाटांची धास्ती आहे. पण या वयात लाटांपेक्षा उंची आणि थंडी जास्त बाधते, म्हणून आधी तेच लिहिते.

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, लेह ३५०० वर. दिल्लीहून विमान दीड तासात पोचवतं, शरीराला मात्र दिवस लागतात. लेहला पहिले दोन दिवस फक्त आराम करायचा. बाजार नको, गोंपाच्या (बौद्ध मठाच्या) पायऱ्याही नकोत. बाबा, पहिल्या दुपारी तुम्हाला ठणठणीत वाटेल, तेव्हाच जपा. डोकेदुखी आणि मळमळ बहुधा काही तासांनी सुरू होते. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, मनाने घेऊ नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी विचारावं लागतं, शिवाय तुमच्या बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी आहे. डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवूनच ठरवा. झोपेची गोळी तिथे नकोच. चालताना तोल जाऊ लागला किंवा पडल्यापडल्या धाप लागली, तर सकाळ व्हायची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता नदी. दादा, वहिनी आणि मी झांस्कर नदीवर पदुम गावाजवळून राफ्ट सोडू. मधल्या अरुंद दरीतले रॅपिड (खळाळत्या धारा) तीन-चार ग्रेडचे, म्हणजे अवघड आहेत, तिथे तुम्हाला नेणार नाही. तुम्ही सिंधू नदीवर फे ते निम्मू या गावांमधल्या टप्प्यात राफ्टने या. तो टप्पा सौम्य आहे आणि शेवटी झांस्कर सिंधूला मिळते तो संगम दिसतो. तिथून गाडीने झांस्करकाठच्या चिलिंग गावाला या, आपला मुक्काम तिथेच.

सौम्य पाणीही बर्फाचंच असतं. कुणी पडलं तर पहिलं मिनिटभर श्वास आपोआप जोरात ओढला जातो. तेव्हा हातपाय मारू नका, लाइफ जॅकेट वर धरून ठेवतं. तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास सावरू द्या. मग पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, पंजे वर. पाणी गुडघाभर वाटलं तरी धारेत उभं राहायचं नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला की प्रवाह माणसाला पुढे ढकलून पाण्याखाली दाबून धरतो. दोर फेकला तर तो छातीशी धरायचा, मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही.

आपला विदर्भ कापसाचा, पण नदीवर सुती कपडा नको. ओला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो आणि लवकर वाळत नाही. आतून लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे कपडे घ्या. नागपुरात बर्डीवर खेळाच्या दुकानात मिळतील. कोरडा जोड आणि औषधं ड्रायबॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) ठेवा. हवा दाबून काढायची, पिशवीचं तोंड किमान तीन वेळा गुंडाळायचं, मगच बकल लावायचं. दोन घड्यांवर सोडलं तर पाणी शिरतंच.

दरीत दुपारनंतर वारा सुटतो आणि वाळूत तंबूचे खुंटे धरत नाहीत. दोर मोठ्या दगडांना बांधतो. उन्हाने वर वितळलेलं पाणी तासातासांनी खाली पोचतं, त्यामुळे नदी रात्रीही चढते. म्हणून तंबू वाळूवरच्या ओल्या रेघेच्या बराच वर लावतो आणि पाणी किती चढलं ते कळायला काठाला एक काठी रोवून ठेवतो. राफ्ट ओढून घेतल्यावरही बांधूनच ठेवायचा.

आई, तिथे पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं, तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजायची नाही. घरचा तीन लिटरचा कुकर आणि नवी रिंग आण. नदीचं पाणी गाळाचं असतं. बादलीत तुरटी फिरवून रात्रभर निवळू देतो, सकाळी वरचं काढून उकळतो. संडासाची काळजी करू नकोस. बसायची सीट असलेला झाकणाचा डबा असतो, गुडघे मोडावे लागत नाहीत, आणि तो आम्ही भरून परत घेऊन येतो, कारण त्या थंड, कोरड्या वाळूत घाण लवकर कुजत नाही.

दोघांच्या छातीचं माप इंचांत आणि बुटांचा नंबर या आठवड्यात कळवा. जॅकेट सैल असलं तर पाण्यात कानापर्यंत वर सरकतं, म्हणून तुमच्या मापाची आधीच बाजूला काढून ठेवते.

तुमची,
लेक