महसूल मंत्र्यांना खुले पत्र: बँकेला तीस दिवसांत ताब्याचा आदेश, आमच्या वारंटाला मुदतच नाही

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०००३२

विषय: महारेराच्या वसुली वारंटाची अंमलबजावणी न होणे आणि त्याच तहसील कार्यालयामार्फत माझ्या राहत्या घराचा ताबा बँकेला दिला जाणे.

महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या खात्याचे दोन कागद सध्या माझ्याकडे आहेत. एक महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखाली बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वसुली वारंटाची प्रत. बिल्डरने माझे ३२ लाख रुपये व्याजासह परत करावेत, न दिल्यास ते जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करावेत, असे त्यात लिहिले आहे. त्यावर तहसील कार्यालयाचा २०२४ सालचा आवक शिक्का आहे. दुसरा कागद मागच्या आठवड्यात माझ्या दाराला चिकटवला गेला. अमुक तारखेला पोलीस बंदोबस्तात घराचा प्रत्यक्ष ताबा घेण्यात येईल, घर रिकामे करून ठेवावे, असा त्याचा मजकूर. शिक्का त्याच कार्यालयाचा.

एकाच इमारतीतून हे दोन्ही कागद फिरतात. त्यातला पहिला जागचा हलला नाही आणि दुसरा थेट माझ्या उंबरठ्यावर आला. असे का झाले, एवढेच आपल्याला विचारायचे होते. पण लिहायला बसल्यावर एवढ्यावर थांबणे जमत नाही.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. सरकारी नोकरी नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर हातात येणार ती ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ खातेदारांच्या योजनेची पेन्शन. तिची किमान रक्कम महिना १००० रुपये आहे आणि २०१४ पासून तेवढीच आहे. त्यात एक गॅस सिलिंडर आणि चार पिशव्या दूध येते. म्हणून माझ्यासारखी माणसे दुसरे घर घेतात. म्हातारपणी भाडे येईल, मुलीच्या शिक्षणाला अडले तर विकता येईल, एवढाच त्यामागचा हिशेब असतो. याला हाव म्हणणाऱ्यांनी आधी आम्हाला जगता येईल एवढी पेन्शन द्यावी.

२०१९ च्या दिवाळीत ३८ लाखांचा फ्लॅट बुक केला. काही पैसे पीएफमधून काढले. बाकीच्यासाठी राहते घर गहाण ठेवून २६ लाखांचे कर्ज घेतले. हे राहते घर माझ्या वडिलांनी गिरणी बंद पडल्यावर हाती आलेल्या पैशांतून घेतले होते. आता लिलावाला निघाले आहे ते हेच घर. बिल्डरचा सांगाडा कुणीच लिलावात काढत नाही.

बुकिंग ऑफिसमधल्या माणसाने कागदावर आकडे मांडून दिले होते: भाडे महिना १३ हजार, पाच वर्षांत किंमत दुप्पट. त्याच भागातल्या तयार इमारतींत तशाच घराला साडेनऊ हजारांवर भाडे मिळत नाही. ३८ लाखांवर साडेनऊ हजार म्हणजे वर्षाला तीन टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा. कर्जाचे व्याज मात्र नऊ टक्क्यांच्या पुढे. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला आणि माझा हप्ता त्याच्याबरोबर चढत गेला. ही आकडेमोड ग्राहकासमोर लेखी ठेवण्याचे बंधन बिल्डरवर नाही, एजंटवर नाही, कर्ज देणाऱ्यावरही नाही. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायला लावणारे सरकार घराच्या ब्रोशरवर दोन ओळी छापायला लावू शकत नाही का?

सरकारने स्वतःचा वाटा मात्र आगाऊ घेतला. महापालिका हद्द म्हणून सहा टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे २ लाख २८ हजार. नोंदणी फी ३० हजार. शिवाय प्रत्येक हप्त्यावर जीएसटी. घर उभे राहिले की नाही, हे बघायला कुणी आले नाही. मुद्रांक शुल्क परत मागायचे तर कायद्याने करार झाल्यापासून पाच वर्षांच्या आत रद्दलेख, म्हणजे करार रद्द केल्याचा दस्त, नोंदवावा लागतो. बिल्डरने पैसे दिल्याशिवाय मी करार रद्द कसा करू? तुमच्या तहसीलदाराने वारंट बजावण्याची वाट बघण्यात ती पाच वर्षे संपली. मुद्रांक विभागही तुमच्याच अखत्यारीत येतो. एका हाताने वसुली रखडवायची आणि दुसऱ्या हाताने मुदत संपली म्हणून परतावा नाकारायचा, हा कुठला न्याय?

करोनाच्या काळात बिल्डरांना प्रकल्प पूर्ण करायला सहा-सहा महिन्यांच्या दोन मुदतवाढी मिळाल्या. कर्जदाराला सहा महिने हप्त्याची सवलत मिळाली, तीही व्याज चालू ठेवून. मुदतवाढ संपली, ताब्याची तारीख गेली, नववा स्लॅब टाकून झाल्यावर काम थांबले ते थांबलेच. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि आर्किटेक्ट, इंजिनीअर, सीए यांच्या प्रमाणपत्राशिवाय काढायचे नाहीत, असे रेरा कायदा सांगतो. प्रमाणपत्रे निघाली, पैसेही निघाले. उरलेल्या मजल्यांवर काय आहे ते कुणीही जाऊन बघावे. सळयांना गंज चढला आहे आणि तळमजल्यात पावसाचे पाणी साचते.

महारेराने आमच्या बाजूने आदेश दिला. आम्ही पेढे वाटले. हो, पेढे वाटले, कारण आदेश झाला की पैसे मिळतात असा आमचा समज होता. आदेशानंतर वारंट निघते, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथून तहसीलदाराकडे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १७६ ने तहसीलदाराच्या हाती काय काय दिले आहे, ते मी वाचले आहे. मागणीची नोटीस, जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, स्थावराची जप्ती आणि लिलाव, शेवटी थकबाकीदाराला अटक करून कैदेत ठेवणे. एवढी आयुधे असताना माझ्या वारंटावर साधी मागणीची नोटीस निघाली की नाही, हेही मला कुणी सांगत नाही. २०२४ मध्ये आधी लोकसभेची ड्युटी होती, मग विधानसभेची. त्यानंतर साहेब पंचनाम्याला, साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सवर, साहेबांची बदली. वसुली शाखेतल्या कपाटावर आमच्यासारख्यांची वारंटे सुतळीने बांधून ठेवली आहेत. आमचे वारंट वरून तिसऱ्या गठ्ठ्यात आहे. मला ते खालूनही दिसते, कारण त्याच्या कोपऱ्यावर मी लाल पेनाने केलेली खूण आहे.

आणि हेच खाते दुबळ्याच्या बाबतीत किती चपळ असते, तेही आम्ही पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीला अकृषिक कराच्या थकबाकीची नोटीस आली. रक्कम किरकोळ होती, तरी कोतवाल घरोघर फिरला. बिल्डरच्या बंगल्याचा पत्ता त्याच कोतवालाला सापडत नाही? ज्या जमिनीवर हा प्रकल्प उभा आहे तिच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, वारंटाचा बोजा चढवायला ग्राम महसूल अधिकाऱ्याला कुणी अडवले आहे? तलाठ्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलेत, काम कधी बदलणार?

आता बँकेची बाजू बघा. कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला, शिफ्ट कमी झाल्या, हप्ते थकले. ९० दिवसांत खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असे रिझर्व्ह बँक सांगते. माझ्या पत्नीला रात्री साडेनऊला फोन आला आणि विचारले, ‘मंगळसूत्र आहे ना अजून?’ ते तर आधीच सोनाराकडे गेले होते. त्या रात्री ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

मग पेपरात कब्जा सूचना छापून आली. तिचा नमुना कायद्यानेच ठरवलेला आहे. माझे पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, मजला, थकीत रक्कम, आणि खाली ‘विशेषतः कर्जदार व सर्वसाधारण जनतेस सावध करण्यात येते की, सदर मिळकतीशी कोणताही व्यवहार करू नये’. सर्वसाधारण जनता म्हणजे आमच्या मजल्यावरचे शेजारी, मुलीच्या वर्गातली मुले, माझ्या आईच्या भजनी मंडळातल्या बायका. आई पंधरा दिवस भजनाला गेली नाही. आणि त्या जाहिरातीचा खर्चही माझ्याच कर्जखात्यात चढला.

यानंतर बँक प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे त्याच जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली. त्या कलमात मुदत आहे: ३० दिवसांत आदेश द्यायचा, फार तर ६० दिवसांत. कर्जदाराला बोलावण्याची गरज नाही. मलाही कुणी बोलावले नाही. याच कार्यालयात माझेही वारंट पडून आहे, त्याची वसुली झाली तर मी बँकेचे सगळे देणे फेडून मोकळा होतो, हे सांगायला मला जागाच नव्हती. दाद मागायची तर डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, ४५ दिवसांच्या आत. तिथे हरलो आणि अपिलात जायचे म्हटले तर देण्याच्या निम्मी रक्कम आधी भरा. मेहेरबानी झाली तर पाव. निम्मी रक्कम हातात असती तर मी डीआरटीची पायरी चढलो असतो का?

मंत्रिमहोदय, बँकेच्या अर्जाला कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. रेरा कायद्याच्या कलम ४० खालच्या आमच्या वारंटाला एका दिवसाचीही मुदत नाही. सगळे दुखणे इथे आहे. देशात ४ लाख १२ हजार घरे रखडली आहेत आणि त्यांत ४ लाख ८ हजार कोटी रुपये अडकले आहेत, असे केंद्राने नेमलेल्या अमिताभ कांत समितीने २०२३ मध्ये सांगितले. रखडलेल्या घरांसाठी २०१९ मध्ये २५ हजार कोटींचा निधी जाहीर झाला, आमच्या इमारतीपर्यंत त्यातला एक रुपया आला नाही. दिवाळखोरी कायद्यात २०१८ मध्ये आम्हाला वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखे येणेकरी केले आणि २०२० मध्ये शंभर जण किंवा दहा टक्के खरेदीदार एकत्र आल्याशिवाय दिवाळखोरी न्यायाधिकरणाचे दार उघडणार नाही, अशी अट घातली. बिल्डर आणि बँका यांच्या संगनमताची चौकशी सीबीआयने करावी, असे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्याच वर्षी तुमच्या मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ हे धोरण मंजूर केले, २०३० पर्यंत ३५ लाख घरे. नवी ३५ लाख जरूर बांधा. पण जे एक घर आमच्याकडे होते ते आमच्याकडून काढून घ्यायला पोलीस कशाला पाठवता?

माझे घर लिलावात गेले की ते कुणाची तरी गुंतवणूक होणार. बँक लिलावातली घरे स्वस्तात कशी उचलायची याचे क्लास चालतात, फी घेऊन. घेणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनाही ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर घर मिळते आणि सोसायटीची थकबाकी, आतला माणूस, कोर्टातला दावा हे सगळे त्यांच्या गळ्यात पडते. राग या व्यवस्थेवर आहे. एकाची उद्ध्वस्त गुंतवणूक दुसऱ्याला सवलतीच्या दरात विकणे तिला जमते, आणि ज्याने दोघांचे नुकसान केले त्याला हात लावणे जमत नाही. घर कमी किमतीत गेले तर उरलेले कर्ज पुन्हा माझ्याच मानेवर राहणार, हेही सरफेसी कायद्यात लिहिलेले आहे.

माझ्यासारखे कुणी हे वाचत असतील त्यांना इथेच सांगतो. १३(२) ची नोटीस आली की गप्प बसू नका. लेखी हरकत पाठवा, बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावेच लागते. लिलावाची जाहिरात निघण्याआधी पूर्ण पैसे भरून घर सोडवता येते, जाहिरात निघाली की तो हक्क जातो. म्हणून घर विकण्यावाचून गत्यंतर नसेल तर बँकेच्या संमतीने त्याआधी स्वतः विका, लिलावापेक्षा दोन पैसे जास्त येतील. आणि घरात लपवू नका. नोटीस कपाटात दडवून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत, त्यांच्यातल्या एकाचे पुढे काय झाले ते लिहिण्याची हिंमत माझ्यात नाही.

सरफेसी कायदा केंद्राचा आहे, तो तुम्ही बदलू शकत नाही, हे मला कळते. जमीन महसूल संहिता मात्र राज्याची आहे आणि तहसीलदार तुमचे आहेत. महारेराचे वारंट आल्यापासून तीस दिवसांत मागणीची नोटीस आणि सातबाऱ्यावर बोजा, साठ दिवसांत जप्ती, असे परिपत्रक तुम्ही काढू शकता. कोणत्या तालुक्यात कोणत्या बिल्डरचे किती रुपयांचे वारंट किती दिवस पडून आहे, याची यादी दर महिन्याला संकेतस्थळावर टाकू शकता. कर्जदारांची नावे पेपरात छापली जातात, मग बिल्डरांची का नाही? वारंटाच्या विलंबात ज्यांची मुद्रांक परताव्याची मुदत गेली त्यांना ती वाढवून देण्यासाठी विधेयक आणू शकता. आणि ज्या कर्जदाराचे स्वतःचे वारंट जिल्हाधिकाऱ्यांकडे पडून आहे, त्याच्या घराच्या ताब्याचा आदेश काढताना निदान ती बाब आदेशात नोंदवावी, अशा सूचना देऊ शकता.

माझ्या घराच्या ताब्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी बिल्डरच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला मला हवा आहे. तो चढवण्याचे काम ज्या अधिकाऱ्याचे आहे तो तुमच्या खात्याचा पगार घेतो. ‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे’ या छापाचे उत्तर पाठवू नका, ते माझ्याकडे आधीच आहे. या वेळी कार्यवाही करून उत्तर पाठवा.

आपला,
महारेराचा आदेश हातात असलेला आणि घराचा ताबा गमावत असलेला एक घरखरेदीदार

प्रत माहितीसाठी: मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य