रात्रीचा फोन पलंगाजवळच्या माणसाने करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेत उपचार घेऊन गावी परतलेले कितीतरी रुग्ण घरीच लघवीच्या किंवा नाकातून अन्न देण्याच्या नळीवर असतात. सिस्टर दिवसातून एकदा येऊन जाते आणि अडचण नेमकी रात्री निघते. मग फोन येतो, "आबा कसंतरीच कराय लागल्यात." एवढ्यावरून डॉक्टर काय सांगणार? त्यातच पुण्याचा मुलगा आणि इचलकरंजीची मुलगी वेगवेगळे फोन लावतात. पलंगाजवळच्याला लाइन मिळत नाही. एकानेच बोलावे. ताप, नाडी, ऑक्सिजन, शेवटचे औषध किती वाजता दिले हे कागदावर लिहून, फाइल हातात घेऊन फोन लावावा. बोट गार असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. बोट चोळून पुन्हा मोजावे.

सगळ्यात जास्त गोंधळ लघवीच्या नळीचा. पिशवी भरत नसेल तर आधी पांघरूण बाजूला करून बघा : नळी मांडीखाली दबते, पीळ पडतो, नाहीतर पिशवी गादीवरच ठेवलेली असते. ती ओटीपोटापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता लटकवावी. तरीही तीन-चार तास लघवी आली नाही, ओटीपोट टणक होऊन दुखते किंवा नळीच्या कडेने लघवी गळते, तर सकाळची वाट न पाहता फोन करा. नळी ओढू मात्र नका. आत पाण्याने भरलेला फुगा असतो, ओढल्यास मूत्रमार्ग फाटून रक्त येते.

नाकातली नळी निसटली तर घरी परत घालू नये, तिच्यातून काही देऊ नये. रुग्ण इन्सुलिनवर असेल तर मात्र लगेच कळवावे, कारण अन्न थांबल्याने रक्तातली साखर उतरू शकते. साखर 70 च्या खाली असून रुग्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.

बेशुद्धी, छातीत कळ, तोंड वाकडे होणे, धाप न थांबणे यासाठी सिस्टरला नव्हे, थेट 108 ला फोन. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून उत्तराची वाट पाहणे तर नकोच.

दोष सगळा घरच्यांचा नाही. शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्था रात्रीसाठी दिवसभर राबलेल्या सिस्टरचाच नंबर देऊन मोकळ्या होतात. रात्रपाळीचा वेगळा नंबर आणि तो उचलला गेला नाही तर दुसरा कोणता, हे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून देणे त्यांचे काम आहे.

– घरपोच रुग्णसेवा देणाऱ्या काही परिचारिका, सांगली