कोणत्या हातात घेतली?

॥ श्री ॥

उंब्रज, रविवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार तापलेला होतास. तुमच्या डायलिसिस सेंटरवरच्या त्या काकांनी हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस घ्यायला नकार दिला, तू समजावलंस, ते म्हणाले, "कोरोनाच्या दोन घेतल्या तरी कोरोना झालाच, मग ही कशाला?" आणि तुझा आवाज चढला. नंतर तू मला म्हणालास, "अडाणी आहेत, दुसरं काय." मी तेव्हा काही बोललो नाही. आई शेजारी बसली होती आणि मला जे सांगायचं होतं ते तिच्यासमोर सांगता येणार नव्हतं. म्हणून हे पत्र. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं, पण तिथं लिहिलेलं तू दोन ओळी वाचून अंगठा दाखवून पुढे जातोस.

ओंकार, २०२१ च्या मार्चमध्ये मी तुला खोटं सांगितलं होतं.

१ मार्चपासून साठच्या पुढच्यांना लस सुरू झाली. मी एकसष्टचा, डायलिसिसला तिसरं वर्ष. तू पुण्यात लॅबमध्ये अडकलेला, रोज रात्री फोन करून एकच विचारायचास, "घेतली का?" आईच्या वयाला तेव्हा परवानगी नव्हती, पंचेचाळीसच्या पुढचे सगळे एक एप्रिलपासून. म्हणून मी एकटाच गेलो, मार्चच्या मध्यात, आधारकार्ड खिशात घालून. रांग फार नव्हती, माझ्यापुढे नऊ-दहा माणसं. माझ्या मागच्या माणसाच्या हातात मोबाईल आणि त्यावर बातमी चाललेली की युरोपात हीच लस थांबवली, रक्ताच्या गाठी होतायत. ती बातमी खोटी नव्हती. जर्मनी, फ्रान्स, इटली यांनी त्या आठवड्यात ती खरंच काही दिवस थांबवली होती. तिकडे नाव अॅस्ट्राझेनेका, आपल्याकडे कोविशिल्ड.

इतरांनी ते ऐकलं आणि "काय नाय होत" म्हणून सोडून दिलं. मी मात्र उजव्या हाताने डावं मनगट धरलं. तुला आता रोजची सवय आहे, दिवसाला वीस फिस्टुला तुझ्या बोटांखालून जातात. पण डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेला माझा हा एकच आहे रे. ऑपरेशननंतर दोन महिने रबरी चेंडू दाबून दाबून तयार केलेला. रात्री जाग आली की मी आधी तिथं बोट ठेवतो. मांजर गुरगुरतं तशी ती थरथर लागली की मग कूस बदलतो. गाठ म्हटल्यावर माझ्या डोक्यात हार्ट नाही आलं, मेंदू नाही आला. फिस्टुला बंद पडणार, मानेत कॅथेटर घालणार, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा पैसे, एवढंच आलं. त्यात कोणीतरी सेंटरवर म्हणालं होतं की आपल्याला लस देऊन उपयोग नाही, चार तासांत मशीन सगळी धुऊन काढते. भीती आणि निरुपयोग या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणसाला घरी जायला फार चांगलं कारण मिळतं. माझ्यापुढे दोन माणसं उरली असताना मी रांगेतून बाहेर पडलो.

रात्री तू विचारलंस. मी म्हणालो, घेतली. तू विचारलंस, "कोणत्या हातात?" मी म्हणालो, "उजव्या." तू म्हणालास, "शाब्बास." मेसेज आला का विचारलंस, तर म्हटलं नेटवर्क नाही. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, वेबिलात एका रुपयाचा घोळ नाही, आणि घरच्या पोराला विनातिकीट फसवलं.

आता विट्याच्या पोराचं सांगतो. तो तुला आठवणार नाही, तू त्याला कधी पाहिलं नाहीस. माझ्या शेजारच्या मशीनवर असायचा, मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळची पाळी. वय एकोणतीस. मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, डायलिसिस चालू असताना एका हाताने लोकांचे फोन उघडून बसायचा. त्याला लस हवी होती. खरंच हवी होती. पण यादीत डायलिसिसचे पेशंट होते ते पंचेचाळीस ते एकोणसाठ वयाचे, डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन. एकोणतीसच्या माणसाच्या किडन्या गेल्या असतील तर त्याने थांबायचं. तो मला म्हणायचा, "काका, तुमचं बरंय, तुम्ही म्हातारे." आणि मी त्यालाही सांगितलं होतं, घेतली म्हणून.

लोकांना घरात बसा म्हणून सांगत होते. आम्ही कसं बसणार? आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, एका हॉलमध्ये आठ-दहा माणसं, जाताना-येताना गाडी, रिक्षा, लिफ्ट. युरोपातल्या नोंदींत पहिल्या लाटेत डायलिसिसवरच्या कोरोना झालेल्यांपैकी साधारण पाचांतला एक महिनाभरात गेला होता. हे आकडे मला तूच नंतर सांगितलेस. तेव्हा आम्हाला आकडे माहीत नव्हते, खुर्च्या रिकाम्या होताना दिसत होत्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो पॉझिटिव्ह आला. आमच्या सेंटरवर तेव्हा पॉझिटिव्ह पेशंट घेत नव्हते. दुसरीकडे बघा म्हणाले. दुसरीकडे बेड होता तर डायलिसिस मशीन नव्हतं, मशीन होतं तर बेड नव्हता. दोन टर्न चुकले. तुला सांगायला नको दोन टर्न चुकले की छातीत पाणी कसं भरतं. तो कोरोनाने गेला की पाण्याने, हे कोणी लिहून ठेवलं नाही. १ मेपासून अठराच्या पुढच्या सगळ्यांना लस मिळणार ही घोषणा १९ एप्रिलला झाली, आणि त्याच आठवड्यात तो गेला.

मी घेतली असती तर तो वाचला असता असं नाही. माझा डोस काही त्याला दिला नसता. हे मला कळतं. तरी शनिवारी त्याच्या मशीनवर दुसरा पेशंट घेतला तेव्हा मला तिकडे बघवेना.

त्या दिवशी सुई लावायला जो ब्रदर होता त्याला मी सगळं सांगितलं. डॉक्टरसाहेबांना नाही सांगितलं, ते राउंडला येतात तेव्हा त्यांचा एक पाय दाराकडे असतो. त्यांचाही दोष नाही, त्या महिन्यात कोणाला श्वास घ्यायला वेळ नव्हता. ब्रदर माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. तो हसला नाही. मशीन चालू केलं, स्टूल ओढलं, माझीच दोन बोटं माझ्या फिस्टुलावर ठेवली आणि म्हणाला, "काका, हा कशाने बंद पडतो ते सांगतो. बीपी एकदम पडलं तर. या हातावर डोकं ठेवून झोपलात तर. घट्ट बाहीचा शर्ट, घड्याळ, पिशवी अडकवली तर. त्या गाठींचा प्रकार वेगळा आहे, लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा. तुम्ही उजव्या हातात घ्या, डायलिसिस नसेल त्या दिवशी घ्या. डायलिसिसला आपण रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतो ना, त्यामुळे त्याच दिवशी घेतली तर सुईच्या जागी रक्त थांबायला वेळ लागतो. कापूस जरा जास्त वेळ दाबून धरा. ताप आला तर पॅरासिटामॉल, ब्रुफेन बिलकूल नाही."

मी धुऊन जाण्याचं विचारलं. त्याने मशीनवरच्या रक्त गाळणाऱ्या नळकांड्याकडे, डायलायझरकडे बोट दाखवलं. "ह्याची भोकं युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम जाईल एवढीच. लशीने अंगात तयार होणाऱ्या अँटिबॉडीज त्यापुढे केवढ्या तरी मोठ्या. चाळणीतून पीठ पडतं, गहू पडतो का?"

सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. सोमवारी मी जाऊन घेतली. उजव्या हातात. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, घरी जाऊन भरपूर पाणी प्या." दिवसाला लिटरभर पाण्यावर जगणाऱ्या माणसाला! मला हसू आलं, त्यांना वाटलं मी घाबरून हसतोय.

पुढे मेमध्ये नियम बदलला, दोन डोसांतलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. निरोगी माणसाला ठीक असेल, आमच्यासारख्यांना ते तीन महिने अर्ध्या शटरच्या दुकानात बसल्यासारखे गेले. जुलैत दुसरा झाला. ऑगस्टमध्ये तू हट्टाने माझी आणि आईची अँटिबॉडी टेस्ट केलीस. आईचा आकडा माझ्या दसपट होता. एकच लस, एकच घर, तेवढेच डोस. तू फोनवर गप्प झालास आणि मग म्हणालास, "असू दे बाबा, काहीतरी आहे ना." तुझ्या त्या 'काहीतरी'वर मी बरेच दिवस विचार करत होतो.

आता तू या लायनीत आलास, तुला माहीत आहे. तरी त्या काकांना कसं सांगायचं यासाठी माझ्या भाषेत लिहितो. किडनी गेली की रक्तात राहणारी घाण अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या शिपायांना पण सुस्त करते. लस म्हणजे त्यांना चोराचा फोटो दाखवणं. निरोगी माणसाचे शिपाई एकदा बघून लक्षात ठेवतात. आमचे बघतात, मान हलवतात आणि निम्मं विसरतात. तू मला इस्रायलचा तो अभ्यास दाखवला होतास ना, फायझरच्या लशीचा, डायलिसिसच्या ५६ पेशंटपैकी ५४ जणांच्या अंगात अँटिबॉडीज झाल्या, पण त्यांची पातळी निरोगी माणसांच्या निम्म्याहूनही कमी. आणि जे काही तयार होतं ते काही महिन्यांत उतरतं. म्हणून फ्रान्सने २०२१ च्या एप्रिलमध्येच डायलिसिसवाल्यांना तिसरा डोस सांगितला. आपल्याकडे साठच्या पुढच्या आजारी माणसांना तो २०२२ च्या १० जानेवारीपासून, तोही दुसऱ्यानंतर नऊ महिने झाले असतील तर. माझा नंबर एप्रिलात लागला.

आणि तोवर जानेवारीत मला ओमिक्रॉन होऊन गेला होता. म्हणजे तुझ्या सेंटरवरचे काका म्हणतात तसंच. दोन घेतल्या तरी झालाच. पण कसा झाला? चार दिवस खोकला, एक दिवस ताप. तोवर सेंटरवर पॉझिटिव्ह लोकांना शेवटच्या पाळीत घ्यायला लागले होते, रात्री साडेनऊला, हॉलमध्ये मी एकटा आणि पीपीई किटमधला तोच ब्रदर. ऑक्सिजन लागला नाही. एकही टर्न चुकला नाही. ओमिक्रॉन मुळात सौम्य होता असं कोणी म्हणेल, म्हणू दे, त्यातही तथ्य आहे. पण आमच्यासारख्यांना तोही सौम्य नव्हता, ज्यांनी काहीच घेतलं नव्हतं त्यांचं काय झालं ते मी बघितलंय. लस घेतलेले डायलिसिसचे पेशंट दवाखान्यात कमी भरती झाले, कमी मेले, हे तर देशोदेशी दिसलं. छत्री फाटकी होती रे, पण पाऊसही मुसळधार होता.

हिपॅटायटिसचंही तेच ना? निरोगी माणसाला वीस मायक्रोग्रॅम, तीन डोस. आम्हाला चाळीस आणि चार डोस, आणि वर टायटर, म्हणजे रक्तातली अँटिबॉडीजची पातळी, तपासायचं, दहाच्या खाली गेलं की पुन्हा. काकांना वाटतं, पहिल्या दोनांनी काम केलं नाही म्हणून तिसरी देतायत. त्यांना कोणीतरी सांगायला हवं की आपला डोस मुळातच मोठा लिहिलेला आहे, कोरोनाच्या आधीपासून. आमच्यासाठी हे तिकीट कायम दुप्पट.

पण हे सगळं दुसऱ्यांदा सांग. पहिल्यांदा त्यांना विचार की भीती कशाची वाटते. एसटीत दारात अडकून उभ्या राहिलेल्या माणसाला "आत सरका" म्हणून ओरडलं की तो दांडा आणखी घट्ट धरतो. त्याला विचारलं, "कुठं उतरायचंय?" तर निम्म्या वेळा कळतं की आत गेलो तर आपला स्टॉप निघून जाईल एवढीच त्याची भीती असते. काकांना सुयांचा कंटाळा आला असेल. महिन्याला पंचवीस सुया टोचून घेणाऱ्याला सव्विसावी जड जाते, त्यात अडाणीपणा काही नाही. किंवा पैशाचं असेल आणि सांगायला लाज वाटत असेल. स्टूल ओढून बस. पाच मिनिटं.

माझं म्हणशील तर वजन परवा दीड किलो वर गेलं, आईने जवसाची चटणी केली होती, तिच्यावर पाणी प्यायलो. फिस्टुला व्यवस्थित. गेल्या महिन्यात फ्लूची लस घेतली, उजव्याच हातात.

आणखी एक. सर्टिफिकेटची प्रिंट तूच काढून आणली होतीस, लॅमिनेट करून. त्यावर पहिल्या डोसची तारीख छापलेली आहे, एप्रिलची. तू ती वाचली असशील. मला देताना तू काही बोलला नाहीस, फक्त जपून ठेवा म्हणालास. तेव्हापासून मी ते कपाटात उलटं घालून ठेवलंय.

आईला अजून माहीत नाही. दिवाळीला येशील तेव्हा तू समोर असताना सांगेन, म्हणजे ती जरा कमी बोलेल.

शनिवारी माझी सकाळची पाळी आहे. दोनच्या पुढे फोन कर, त्याआधी मी झोपलेला असतो.

तुझा,
बाबा