आधी कावळा, मग पंढरीराव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाण्यांचा अर्थ उलगडणारे सदर येते. मी ते दर आठवड्याला कापून वहीत चिकटवते. खेड्यातल्या शाळेत मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे गाण्यातल्या शब्दांकडे कोणी थांबून पाहते आहे याचाच मला आनंद होतो. पण गेल्या रविवारी आपण ज्ञानदेवांची ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ ही विराणी, म्हणजे विरहिणीचे गाणे, घेतली आणि तिचा अर्थ दोन वाक्यांत आटोपला. बोलणारी स्त्री म्हणजे जीव, येणारा पाहुणा पंढरीराव म्हणजे शिव, झाले! हे चूक नाही. कीर्तनातही आम्ही हेच ऐकत आलो. तरीही ते वाचून माझा जीव हळहळला, कारण हीच चूक मी स्वतः वर्गात केलेली आहे.

सातवीच्या वर्गात मी ही विराणी म्हणून दाखवली होती. मग मोठ्या उत्साहाने जीव-शिव सुरू केले. मुले माना डोलवत होती, डोळ्यांत मात्र काही उमटत नव्हते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, कावळ्याले दहीभात काहून द्याचा? तो त पितरांचा असते.” मला पटकन उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी तीच आजीला विचारून आली. आजी म्हणाली होती, “कावळा कवेलूवर बसून वरडला का पाव्हना येते. येते का नाही येते, हे त्यालेच मालूम. मंग त्याले खुश नाही करा लागत का?”

अख्खी विराणी त्या उत्तरात होती. पुन्हा वाचून पाहा. ती बाई आधी कावळ्याचे पाय सोन्याने मढवायचे कबूल करते. मग दहीभाताची उंडी, मग दुधाने भरलेली वाटी, शेवटी आंब्याच्या डहाळीवरचे रसाळ फळ. सोन्यापासून सुरू झालेली मनधरणी ताटातल्या घासावर येते, कारण सोने तिच्या घरात नसावे, दहीभात आहे. उंडी म्हणजे नुसता घास नव्हे. आई लेकराला भरवताना भात हाताने वळून जो गोळा करते, ती उंडी. आणि मध्येच ती कावळ्याला बजावते, ‘सत्य सांगे गोठी’. वाट पाहून तिचा जीव इतका पोळला आहे की गोड खोटे ऐकण्याचीही तिला धास्ती वाटते. लेक पुण्याला कामाला गेला आणि दिवाळीलाही आला नाही, अशी म्हातारी आमच्या गावात दर चौथ्या घरात आहे. तिला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. तिथून पंढरीरावापर्यंत एकच पायरी उरते, ती ऐकणाराच चढतो. आपण त्याला उचलून थेट वरच्या पायरीवर ठेवले, म्हणून त्याला खालचे अंगण दिसलेच नाही.

त्याच वर्गात एका मुलाने विचारले होते, “ज्ञानदेव त माणूस होते ना? मंग बाईवानी काहून बोलते?” आपल्या सदरात या प्रश्नाला जागा मिळायला हवी होती. विराणी विरहिणीची, आणि ती लिहिताना संतांनी पुरुषपण बाजूला ठेवले. अमरावती जिल्ह्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांचे (1881–1915) उदाहरण तर आपल्या मातीतले आहे. लहानपणीच दृष्टी गेलेला हा विद्वान माणूस स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत असे, गळ्यात मंगळसूत्र घालत असे. मुलांना मी हे सांगितले तेव्हा कोणीही हसले नाही. विराणीतली ‘गे माये’ ही हाक त्यांना त्या दिवशी ऐकू आली.

आता ‘मोगरा फुलला’. हे आपण मागच्या महिन्यात घेतले होते. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओत नवरी मांडवात येते तेव्हा हे हमखास वाजते. त्यात गैर काही नाही, फुलांचेच गाणे आहे. पण आपण ‘बाप रखुमादेवीवरु’ या शब्दांपुढे फक्त ‘विठ्ठल’ लिहून मोकळे झालात. ही ज्ञानदेवांची नाममुद्रा आहे, जशी तुकोबांची ‘तुका म्हणे’. भिक्षेच्या तुकड्यांवरून गुरूंनी तुकड्या म्हटले, तेच नाव मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी भजनाच्या शेवटी मिरवले. नाममुद्रा अशी असते, तिच्यात माणूस असतो. ज्ञानदेवांच्या आईचे नाव रुक्मिणी आणि वडिलांचे विठ्ठलपंत. संन्यासातून संसारात परतले म्हणून ज्या आईवडिलांना समाजाने जगू दिले नाही, त्यांचीच नावे पंढरीच्या देवाची आणि देवीची आहेत. आता ‘बाप, रखुमादेवीचा वर, विठ्ठल’ हे शब्द पुन्हा म्हणून पाहा. पोरक्या लेकराने मनात गुंफलेला फुलांचा शेला कोणाला अर्पण केला? देवाला म्हणा, बापाला म्हणा, शब्द तेच राहतात. मला हे पहिल्यांदा जाणवले तेव्हा वर्गात पुढे बोलता आले नव्हते.

आणि विदर्भातल्या वर्तमानपत्राने एवढे तरी सांगायलाच हवे की ही रखुमादेवी आपली आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तिथून दर आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. भागवतात रुक्मिणी कृष्णाला गुपचूप निरोप धाडते तो याच गावाहून. ‘वैदर्भी’ हे तिचे नावच मुळी आपल्या मुलखावरून पडले. आमच्या गावातल्या बाया विठ्ठलाला जावई म्हणतात ते उगाच नाही. ‘रखुमादेवीवरु’ ऐकताना पुण्याच्या माणसाला देव आठवत असेल, आम्हाला माहेरवाशीण आठवते.

शेल्यावरून आणखी एक. आपण आतापर्यंत ग्रेस यांचे एकही गीत घेतले नाही, बहुधा ते दुर्बोध म्हणून. नागपूरच्या या कवीचे ‘भय इथले संपत नाही’ दूरदर्शनच्या ‘महाश्वेता’ मालिकेमुळे घराघरांत पोचले. आमच्या गावात ते गुणगुणणाऱ्या बायांनी कवीचे नावही ऐकले नव्हते. त्या कवितेत आयुष्याला स्पर्शून गेलेल्या एका हळव्या बोलाला सीतेच्या वनवासातल्या राघव शेल्याची उपमा आहे. आता प्रश्न असा की वनवास कोणता? पहिल्या वनवासात राम जवळ होता. तो जवळ असताना त्याच्या शेल्याचे एवढे काय? दुसऱ्या वनवासात सीता एकटी होती, टाकलेली. तेव्हा अंगावरचा शेला हीच त्याची उरलेली ऊब, आणि ज्याने टाकले त्याचीच. मला तिथे दुसराच वनवास दिसतो. सगळी कविता आठवणीची आहे, सोबतीची नाही. एका बोलाच्या आधाराने कोणी पुढचे आयुष्य काढत असेल, तर तो बोल असाच अंगाभोवती असणार.

मी राळेगाव तालुक्यात राहते, म्हणूनही मला तसे दिसत असेल. इथे रावेरीला सीतेचे मंदिर आहे, एकट्या सीतेचे, शेजारी राम नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. लव-कुश लहान असताना सीतेने गावात गहू मागितले, ते कोणी दिले नाहीत, आणि तिच्या शापाने या गावात गहू पिकेनासा झाला, अशी आख्यायिका आहे. ही कथा माहीत असलेल्या बाईसमोर ग्रेसची ती ओळ ठेवा आणि दुर्बोध काय उरते ते पाहा. मी ठेवून पाहिली आहे. कापूस वेचता वेचता एक बाई थांबली आणि म्हणाली, “म्हंजे सीताबाईनं त्याचा शेला टाकून नाही देल्ला?” या प्रश्नाच्या तोडीचे काही मी समीक्षेत वाचलेले नाही.

मात्र प्रत्येक गाण्यात गूढ शोधायचा हट्टही नको. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते, मुली फेर धरून तिची गाणी म्हणतात. ‘अक्कण माती चिक्कण माती’ची गंमत अशी की मातीत खळगा खणण्यापासून सुरुवात होते, मग जाते, सपीट, करंज्या, तबक, त्यावर शेला, पालखी, असे करत गाणे माहेरी पोचते. शेवटी सासर ‘द्वाड’ असे ठणकावून सांगते. एका भाषणात मी ऐकले की ही माती म्हणजे नश्वर देह. अहो, दिवसभर जात्यावर बसणारी दहा-बारा वर्षांची सून होती ती! सासर वाईट आहे हे तिला फक्त या गाण्यात, फेर धरून, सगळ्यांच्या देखत म्हणता येत होते. तिथे देह-आत्मा आणला की तिची ती एक ओळही आपण हिरावून घेतो. भुलाबाईच्या नावामागची कथा मात्र जरूर सांगा. सारीपाटावरून शंकर रुसून निघून गेले, पार्वती भिल्लिणीच्या रूपात गेली, त्यांना भुलवून घेऊन आली, म्हणून ती भुलाबाई. आता फेर धरणाऱ्या मुलींना खिरापत काय आहे ते ओळखता येते, पण भुलाबाई कोण हे विचारले की त्या मोबाइल काढतात.

माझी विनंती एवढीच आहे. सदरात दोन ओळींऐवजी अभंगाचे सगळे चरण छापा. जुन्या शब्दांचे अर्थ द्या, आणि ‘उंडी’, ‘शेला’ असे शब्द जिथे आजही बोलण्यात आहेत, तिथल्या माणसांना विचारून द्या. कथेचा संदर्भ असेल तर ती कथा चार ओळींत सांगा. मग जीव-शिव खुशाल लिहा, तोवर वाचक तिथे पोचलेला असेल. जागा कमी पडत असेल तर महिन्याला एकच गाणे घ्या.

सोबत आमच्या भजनी मंडळाच्या वहीतून उतरवलेली पूर्ण विराणी आणि गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून लिहून घेतलेली भुलाबाईची अकरा गाणी पाठवत आहे. विराणी ऐकून लिहिलेली असल्याने छापण्याआधी गाथेशी ताडून पाहावी. भुलाबाईच्या गाण्यांतले शब्द मात्र कृपया सुधारू नयेत, बाया म्हणाल्या तसेच ठेवावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. राळेगाव, जि. यवतमाळ